घरखर्चाची प्रयोगवही

विद्यार्थी मित्रांनो, नागपूर शहराचा नकाशा समोर घ्या आणि जुन्या वस्त्यांची नावे वाचा. इतवारी, सोमवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी. जवळजवळ अख्खा आठवडाच या नकाशावर पसरलेला आहे! ज्या काळी रोज उघडी असणारी दुकाने थोडी होती, त्या काळी लोक आठवडी बाजारावर संसार चालवीत. एका बाजारापासून पुढच्या बाजारापर्यंत घरातले धान्य, मीठ-मिरची आणि गाठीचा पैसा पुरला, की गृहिणी जिंकली.

आज दुकाने रोज उघडी असतात आणि पगार महिन्याने येतो. तरी भाजीची पिशवी आठवड्याच्या हिशेबानेच भरते. पण खर्च ठरवलेल्या रकमेत बसतो आहे की नाही, हे महिना संपण्यापूर्वी कसे ओळखायचे? आणि खर्च वाढला असेल तर दोष कोणाचा?

प्रश्न घरगुती आहे, पण त्याचे उत्तर प्रयोगशाळेच्या रीतीने काढता येते. खर्च मोजणे हेही एक मापन आहे. प्रयोगशाळेत तुम्ही गोळ्याचा व्यास किंवा लंबकाचा दोलनकाल मोजता, तेव्हा जी पथ्ये पाळता तीच येथे पाळावी लागतात. ती न पाळली तर काय होते, हे आमच्या शेजारच्या एका घरात मी पाहिले. तीच हकिगत सांगतो.

एका आठवड्याचे भांडण

घरात माणसे पाच. आई, वडील, आजी, नववीतली मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत. किराणा, भाजी, दूध आणि साबणासारख्या किरकोळ वस्तूंसाठी आईच्या हाती दर सोमवारी २,५०० रुपये द्यायचे, असे घरचे अंदाजपत्रक. जुलैच्या सुरुवातीपासून मुलीने शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी या खर्चाची नोंद ठेवायला घेतली होती. तिसऱ्या आठवड्यात आईला ४३० रुपये जास्तीचे मागावे लागले. वडील म्हणाले, "तुझा हात जरा सैल सुटला आहे." आई काही बोलली नाही. मुलगी मात्र वही घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "काका, यातून खरे काय ते कळेल का?"

मी म्हटले, "कळेल. पण तीन आठवड्यांत नाही कळणार. आठ आठवडे लिही. आणि पहिली गोष्ट, तुझे उपकरण तपास."

आधी उपकरण तपासा

उपकरण म्हणजे तिची वही. ती खरे बोलते कशावरून? यासाठी एक सोपी कसोटी आहे. पैसा आपोआप निर्माण होत नाही आणि आपोआप नाहीसाही होत नाही. म्हणून

आरंभीची शिल्लक + मिळालेली रक्कम − खर्च = अखेरची शिल्लक

हे समीकरण दर आठवड्याला जुळलेच पाहिजे. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम तुम्ही शिकलात, त्याचेच हे घरगुती भावंड समजा.

पहिल्या आठवड्यात आरंभीची शिल्लक शून्य होती. मिळाले २,५०० रुपये. वहीतील खर्चाची बेरीज २,२३० रुपये. तेव्हा पाकिटात २७० रुपये हवे होते. रविवारी रात्री मोजले तर निघाले १९०. म्हणजे ८० रुपयांची नोंदच नव्हती. चौकशी केल्यावर कळले, की पन्नास रुपये वडिलांनी सकाळी तर्री-पोहे आणि चहासाठी पाकिटातून घेतले होते आणि तीस रुपये आजीच्या फुला-उदबत्तीला गेले होते. खरा खर्च झाला २,३१० रुपये. वही सुमारे साडेतीन टक्के कमी दाखवीत होती.

या चुकीचे एक लक्षण नीट ध्यानात ठेवा. विसरलेली नोंद खर्च नेहमी कमीच दाखवते, जास्त कधी दाखवीत नाही. न केलेला खर्च चुकून कोणी लिहीत नाही. अशा एकाच बाजूला झुकणाऱ्या चुकीला आपण एकतर्फी त्रुटी म्हणू. तराजूचा काटाच बाजूला सरकलेला असेल तर शंभर वेळा तोलूनही चूक जात नाही. तसेच हे आहे. आठवडे वाढवून ही त्रुटी दूर होत नाही. ती शोधून काढावी लागते आणि शोधण्याचे साधन म्हणजे रविवार रात्रीची पाकिटाची मोजणी.

फोनवरून दिलेले पैसेही याच हिशेबात धरायचे. त्यांची नोंद आपोआप होते, पण ती अपुरी असते. 'किराणा दुकान, ६४० रुपये' एवढेच फोन सांगतो. त्यात किती डाळ होती आणि किती तेल होते, हे त्याला ठाऊक नसते. वहीत 'किती' हा रकाना का हवा, ते पुढे कळेलच.

रुपया लिहायचा की दहा रुपये?

मुलीने विचारले, "कोथिंबिरीची जुडी तेरा रुपयांची होती. तेरा लिहू की दहा लिहिले तर चालेल?"

प्रश्न लघुतम मापाचा आहे. साध्या मोजपट्टीने आपण मिलिमीटरपर्यंतच मोजतो, त्यापुढची घाई करीत नाही. समजा, प्रत्येक रक्कम जवळच्या दहा रुपयांत लिहिली आणि आठवड्यात ४० नोंदी झाल्या. एका नोंदीत जास्तीत जास्त ५ रुपयांची चूक होईल. सगळ्या चुका एकाच बाजूला पडल्या तर २०० रुपयांचा घोळ होईल. पण तशा त्या पडत नाहीत. तेराचे दहा होतात तसे सतराचे वीसही होतात. काही चुका वर, काही खाली जातात आणि बऱ्याचशा एकमेकींना खाऊन टाकतात. अशा चुकांना यादृच्छिक त्रुटी म्हणतात. त्यांची बेरीज नोंदींच्या संख्येच्या पटीत वाढत नाही, तर तिच्या वर्गमुळाच्या पटीत वाढते. एका नोंदीची सर्वसाधारण चूक गणिताने सुमारे २.९ रुपये येते आणि ४० चे वर्गमूळ सुमारे ६.३. गुणाकार केला तर साधारण १८ रुपये.

आता तुलना करा. सगळ्या रकमा ढोबळपणे लिहिल्या तरी आठवड्याच्या बेरजेत फरक सुमारे १८ रुपयांचा. विसरलेल्या दोन नोंदींचा फरक मात्र ८० रुपयांचा! म्हणून पै-पैचा काथ्याकूट करण्यापेक्षा एकही नोंद न सुटणे अधिक मोलाचे. कोठे काटेकोर व्हायचे आणि कोठे नाही, हे कळणे मापनात फार महत्त्वाचे असते.

उंच आठवडे, सखल आठवडे

आठ आठवडे पूर्ण झाले. दुरुस्त केलेला खर्च रुपयांत असा होता: २,३१०, २,४८०, ३,१४०, २,२६०, २,३९०, २,६२०, ३,२९०, २,३१०.

हे आकडे आलेख कागदावर मांडून पहा. तिसऱ्या आणि सातव्या आठवड्यात दोन शिखरे दिसतील. त्या दोन आठवड्यांत इतवारीतून महिन्याचा किराणा भरला होता. तेल, डाळ, साखर त्या आठवड्यात आली, पण चार आठवडे पुरली. पैसे गेले एका दिवशी आणि खाणे झाले महिनाभर. तिसऱ्या आठवड्यातले ते ४३० रुपये म्हणजे सैल हात नव्हताच. मापनाचा काळ चुकीचा घेतल्यामुळे दिसलेला तो उंचवटा होता.

लंबकाचा दोलनकाल काढताना आपण एकच दोलन मोजत नाही, वीस दोलनांचा वेळ घेऊन भागाकार करतो. येथेही तसेच करू. चार आठवड्यांची सरासरी काढू आणि दर वेळी एक आठवडा पुढे सरकू. हिला सरकती सरासरी म्हणतात. चार आठवडे अशासाठी, की किराण्याचे एक शिखर प्रत्येक गटात येते. पहिल्या चार आठवड्यांची सरासरी सुमारे २,५४८ रुपये येते. पुढे अनुक्रमे २,५६८, २,६०३, २,६४० आणि २,६५३.

पहा, शिखरे नाहीशी झाली! पण त्यांच्या आड दडलेली दुसरी गोष्ट उघडी पडली. सरासरी हळूहळू, पण न चुकता वर चढते आहे. पहिल्या चार आठवड्यांच्या तुलनेत शेवटच्या चार आठवड्यांत खर्च सुमारे चार टक्क्यांनी वाढला होता. म्हणजे वडिलांची तक्रार ज्या आठवड्याबद्दल होती त्याबद्दल ती खोटी होती, पण खर्च वाढतो आहे हे खरेच होते. मग हात सैल सुटला होता का?

वर्षाकाठी येणारे खर्चही याच रीतीने पसरून धरतात. गणवेश, वह्या-पुस्तके, उन्हाळ्यात कूलरची डागडुजी, दिवाळी. वर्षाला ५,२०० रुपये लागणारी गोष्ट म्हणजे आठवड्याला १०० रुपये. हे शंभर दर आठवड्याला मनाने बाजूला काढले नाहीत, तर जून आणि ऑक्टोबर हे महिने दरवर्षी नव्याने धक्का देतात.

भाव आणि माप

आता 'किती' हा रकाना कामाला येतो. खर्च म्हणजे भाव गुणिले माप. गुणाकार वाढला, तर दोहोंपैकी काय वाढले हे नुसत्या रुपयांवरून सांगता येत नाही. म्हणून मुलीने पाच वस्तू निवडल्या आणि पहिले चार आठवडे शेवटच्या चार आठवड्यांशी ताडून पाहिले. तिच्या वहीतले आकडे असे:

दूध: ४२ लिटर, भाव ६० रुपये, नंतर ४२ लिटर, भाव ६२.
तेल: ४ लिटर, भाव १५०; नंतर ४ लिटर, भाव १६५.
तूरडाळ: ४ किलो, भाव १३०, नंतर साडेतीन किलो, भाव १५०.
टोमॅटो: ८ किलो, भाव ३०, नंतर ६ किलो, भाव ६०.
कांदे: ८ किलो, भाव २५, नंतर ८ किलो, भाव ४०.

पाच वस्तूंचा पहिला खर्च ४,०८० रुपये, नंतरचा ४,४६९. वाढ ३८९ रुपयांची. चार आठवड्यांत घरचा एकूण खर्च ४२० रुपयांनी वाढला होता. त्यातला बहुतेक वाटा या पाच वस्तूंचाच निघाला.

आता एक कल्पना करू. मापे पहिलीच ठेवली असती आणि भाव मात्र नवे लागले असते तर? दूध २,६०४, तेल ६६०, डाळ ६००, टोमॅटो ४८०, कांदे ३२०. बेरीज ४,६६४ रुपये. हिला ४,०८० ने भागून शंभराने गुणले की ११४.३ येतात. याचा अर्थ असा, की या पाच वस्तूंचे भाव एकत्रितपणे १४.३ टक्क्यांनी वाढले होते. खर्च मात्र साडेनऊ टक्क्यांनीच वाढला. मधले १९५ रुपये कोणी वाचवले? आईने! टोमॅटो दोन किलो कमी घेतले, त्यात १२० वाचले. डाळ अर्धा किलो कमी घेतली, त्यात ७५ वाचले.

मुलीने हे गणित रात्री जेवणानंतर वाचून दाखवले. आजी म्हणाली, "तरीच म्हटलं, हल्ली वरण पातळ का लागतं." आई हसली आणि म्हणाली, "अहो, पाणी थोडं जास्त घालते, दुसरं काय करणार?"

मित्रांनो, येथे थोडे थांबा. रुपयांच्या हिशेबात आई उधळी ठरत होती. मापाच्या हिशेबात तीच काटकसर करीत होती आणि ती काटकसर घरच्यांच्या ताटातल्या डाळीतून होत होती. तूरडाळीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात. अर्धा किलो डाळ कमी म्हणजे पाच जणांच्या वाट्याची सुमारे ११० ग्रॅम प्रथिने कमी. फार मोठा आकडा नाही, पण घरात दोन मुले वाढत्या वयाची आहेत आणि हे कोणी ठरवून केलेले नव्हते. अंदाजपत्रकाचा आकडा तेवढा सर्वांना दिसत होता, डाळीचा डबा दिसत नव्हता.

तोच हिशेब, साऱ्या देशासाठी

जुनी मापे आणि नवे भाव घेऊन काढलेल्या या आकड्याला किंमत निर्देशांक म्हणतात. ही रीत जर्मन अर्थशास्त्रज्ञ एत्येन लास्पेयर यांनी १८७१ मध्ये मांडली. तिच्यावर आपल्या देशातील लक्षावधी घरांचे उत्पन्न अवलंबून आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

गिरण्यांच्या काळात कामगार म्हणत, महागाई वाढली. मालक म्हणत, एवढी नाही. वाद आकड्यांशिवाय मिटणार कसा? म्हणून कामगारांच्या घरी जाऊन त्यांचा खर्च विचारण्याचे काम सुरू झाले. मुंबईच्या कामगार कचेरीने अशी पाहणी केली आणि फिंडले शिरास यांचा मुंबईतील कामगारांच्या घरखर्चावरील अहवाल १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वातंत्र्यानंतर १९५८-५९ मध्ये देशातील ५० केंद्रांवर औद्योगिक कामगारांच्या राहणीमानाची पाहणी झाली. त्या केंद्रांत नागपूर होते. ते स्वाभाविकच होते. एम्प्रेस मिलचा भोंगा नागपुरात १८७७ पासून वाजत होता आणि गिरणी कामगारांची वस्ती मोठी होती. त्या पाहणीतून १९६० हे पायाभूत वर्ष धरून निर्देशांक तयार झाला. राहणीमान बदलते तशी टोपलीही बदलावी लागते. म्हणून पुढे १९८२, २००१ आणि २०१६ ही पायाभूत वर्षे आली. २०१६ च्या मालिकेत ८८ केंद्रे आहेत आणि नागपूर त्यांतही आहे.

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता याच औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकावरून ठरतो. तोही एका महिन्याच्या आकड्यावरून ठरत नाही, तर बारा महिन्यांच्या सरासरीवरून! शिखरे आणि खळगे टाळण्याची हीच ती युक्ती.

हे मी सांगितले तेव्हा त्या मुलीचे वडील थोडे वरमले. म्हणाले, "म्हणजे माझा भत्ता निर्देशांकाने वाढतो आणि हिचे अडीच हजार मात्र गेल्या वर्षीचेच!" मी काही बोललो नाही. बोलायची गरजही नव्हती.

विसरण्याचेही शास्त्र

एक शंका तुमच्या मनात आली असेल. एका घरात आठ आठवडे वही लिहिणे जमले, पण देशभर घराघरांतून वह्या कोण लिहिणार? सरकारी पाहणीत घरोघर जाऊन विचारावे लागते, "गेल्या काही दिवसांत तुम्ही काय काय घेतलेत?" म्हणजे उपकरण होते माणसाची आठवण. आणि तिचीही त्रुटी मोजावी लागते.

हे काम भारतात ज्यांनी उभे केले ते प्रशांतचंद्र महालनोबिस मूळचे भौतिकीचे. केंब्रिजला भौतिकी शिकून ते कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात तोच विषय शिकवीत. १९३१ मध्ये त्यांनी भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली आणि १९५० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीमागे त्यांचीच दृष्टी होती. आठवडाभराची आठवण विचारावी की महिन्याची, हा प्रश्न त्यांच्यापुढे आला. तेव्हा काही घरांतला धान्याचा वापर प्रत्यक्ष तोलून पाहिला गेला आणि तोंडी उत्तरांशी ताडला गेला. त्यात महिन्याची आठवण तोललेल्या मापाला अधिक जवळची ठरली. प्रमाणित मापाशी ताडून उपकरण तपासणे, ही भौतिकीचीच शिस्त.

पुढे १९९४ ते १९९८ या काळात नमुना पाहणीने काही घरांना अन्नाबद्दल तीस दिवसांचा आणि काही घरांना सात दिवसांचा प्रश्न विचारला. सात दिवसांच्या उत्तरांतून अन्नाचा खर्च ठळकपणे जास्त आला. माणसे तशीच, ताटे तशीच, फक्त प्रश्नातले दिवस बदलले! दीर्घ काळात माणूस किरकोळ गोष्टी विसरतो आणि थोड्या काळाबद्दल विचारले तर आधीची खरेदीही त्यात ओढून आणतो. १९९९-२००० च्या पाहणीत दोन्ही प्रश्न एकाच घराला विचारले गेले आणि एका उत्तराचा रंग दुसऱ्याला लागला. देशातील गरिबी किती घटली यावर त्यामुळे अर्थशास्त्रज्ञांत मोठा वाद माजला. मापनाची पद्धत ही किती गंभीर गोष्ट आहे, पहा!

आता वस्तूनुसार काळ निराळा धरतात. भाजी, फळे, तेल यांसाठी सात दिवस, धान्य-डाळींसाठी तीस दिवस, कपडे आणि शिक्षणासाठी वर्ष. आपण किराण्याला महिन्यावर आणि गणवेशाला वर्षावर पसरले, त्याचेच हे मोठे रूप. नागपूरकरांसाठी आणखी एक गोष्ट. या पाहण्यांतून येणाऱ्या माहितीवर संस्कार करणाऱ्या देशातील मोजक्या केंद्रांपैकी एक आपल्या शहरात आहे.

ताटाचा वाटा

या पाहण्यांतून एक फार जुना नियम पुन्हापुन्हा दिसतो. एर्न्स्ट एंगेल हे जर्मन संख्याशास्त्रज्ञ मुळात खाणविद्या शिकलेले. बेल्जियममधील कामगार कुटुंबांचे हिशेब तपासून त्यांनी १८५७ मध्ये दाखवले, की कुटुंब जितके गरीब, तितका त्याच्या खर्चातला अन्नाचा वाटा मोठा. श्रीमंत माणूस अन्नावर जास्त रुपये खर्च करील, पण त्याच्या शंभरातले कमी.

आपल्या देशातील आकडे पहा. १९९९-२००० मध्ये शहरी घरांच्या शंभर रुपयांपैकी सुमारे ४८ रुपये अन्नावर जात, ग्रामीण घरांत सुमारे ५९. २०२३-२४ च्या पाहणीत हे आकडे शहरात सुमारे ४० आणि खेड्यांत सुमारे ४७ आले. पाहणीची रीत मधल्या काळात काहीशी बदलली आहे, हे विसरू नका. तरी दिशा स्पष्ट आहे. आणि ज्या घरात शंभरातले साठ ताटात जातात, त्या घराला कांद्या-डाळीची महागाई किती झोंबत असेल, हेही यावरून कळते.

तुम्ही करून पहा

एक दोनशे पानी वही घ्या. सहा रकाने आखा: तारीख, वस्तू, किती, भाव, रक्कम, कोणी दिली. पुढील पथ्ये पाळा.

१. खर्च झाल्या दिवशीच लिहा. उद्यावर टाकलेली नोंद बहुधा हरवते.
२. दर रविवारी रात्री पाकीट मोजा आणि समीकरण जुळवा. फरक लपवू नका, 'नोंद नसलेला खर्च' म्हणून लिहा.
३. आठ आठवडे होईपर्यंत निष्कर्ष काढू नका. मग चार आठवड्यांची सरकती सरासरी काढून आलेख काढा.
४. ज्या वस्तू जास्त लागतात अशा पाच निवडा आणि घरचा निर्देशांक काढा. खर्चाची वाढ आणि भावाची वाढ शेजारी शेजारी लिहा.
५. दोहोंत फरक आला तर तो कोठून आला ते शोधा. कोणत्या वस्तूचे माप घटले? कोणाच्या ताटातून?

वही पोलिसासारखी वापरू नका. कोणी किती उडवले हे पकडण्यासाठी ती लिहिली, तर लोक नोंदी लपवू लागतील आणि मापनच बिघडेल.

शिक्षकांना एक विनंती. हा प्रयोग वर्गात जरूर द्या, पण रकमा वाचून दाखवायला सांगू नका. एका बाकावर बसणाऱ्या दोन मुलांच्या घरची मिळकत सारखी नसते. टक्के आणि निर्देशांक सांगितले तरी सारे गणित शिकता येते आणि कोणाला मान खाली घालावी लागत नाही.

त्या मुलीचा तक्ता प्रदर्शनात मांडला गेला. बक्षीस दुसऱ्या कोणाच्या ज्वालामुखीला मिळाले. घरी मात्र एक बदल झाला. दर सोमवारी आता २,७०० रुपये दिले जातात, महिन्याच्या किराण्याचे पैसे त्यातूनच बाजूला काढून एका डब्यात ठेवतात आणि तर्री-पोह्यांचे पन्नास रुपये वडील स्वतः वहीत लिहितात. परवा सहज गेलो होतो, तर आजींनी जेवायला बसवले. वरण चांगले घट्ट होते.